‘दोन-हात’ नावाची ब्रँच

भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, प्रोग्राम लिहून पोट भरतात. ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पितील असा माणूस. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी चालू प्रोग्राममध्ये थेट हात घातला होता आणि अख्ख्या कंपनीचं काम ठप्प झालं होतं. तेव्हापासून ब्रँच काढल्याशिवाय ते एका अक्षरालाही हात लावत नाहीत. ब्रँच म्हणजे काय हे मला ताईनेच सांगितलं होतं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की प्रोग्रामला तिथून एक वेगळी फांदी फुटते. त्या फांदीवर हवा तो गोंधळ घालावा; मूळ खोड जागच्या जागी शाबूत राहतं आणि कधीही मागे जाता येतं. “लग्नाआधीसुद्धा एक ब्रँच काढून बघणार होता,” ताई म्हणायची, “पण मी तेवढा वेळच दिला नाही.”

ताई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसायची. तिची जीभ अशी, की भांडायला आलेला माणूस हसत परत जायचा. भाऊजी घुमे. ती त्यांना गोगलगाय म्हणायची आणि ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे. खरं सांगते, हा माणूस मला तिच्या तोलाचा कधीच वाटला नाही. पण ती बोलायची, ते ऐकायचे, आणि दोघांचं त्यात बरं चाललं होतं.

मग ताईच्या हातून कप पडायला लागले. एकेक करून सगळे स्नायू निकामी करत जाणारा आजार निघाला. त्यावर औषध नाही, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीतच सांगितलं. आवाज सगळ्यात आधी गेला. ज्या बाईचा बोलण्यात कुणी हात धरला नव्हता, तिचाच आवाज आधी जावा, याचा मला इतका राग आला की तो कुणावर काढावा हे कळेना. मी भाऊजींवर काढला.

ते ताईच्या पलंगाशी लॅपटॉप घेऊन बसले आणि तिच्यासाठी प्रोग्राम लिहिला. पडद्यावर सगळी बाराखडी, आणि बाजूला तयार वाक्यांची बटणं. ताईने बोटाने दाबायचं, यंत्राने मोठ्याने वाचायचं. त्या सपाट आवाजाला ताईने ‘सरकारी बाई’ असं नाव दिलं. वाक्यं तिनेच निवडली होती. ‘पाणी दे’ होतं, ‘कूस बदल’ होतं, पण तिचं लाडकं बटण वेगळंच होतं. भाऊजी तिच्या वतीने कुणाला काही सांगायला लागले की ती ते दाबायची आणि सरकारी बाई म्हणायची, “तुला कोणी विचारलं?” या ब्रँचचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘दोन-हात’.

पुढे डावा हात गेला, तेव्हा त्यांनी ‘एक-हात’ काढली. मग ‘एक-बोट’. ताईकडे जे उरलं असेल तेच नाव. प्रत्येक वेळी पडद्यावरच्या चौकटी मोठ्या व्हायच्या आणि थोड्या व्हायच्या. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे भाऊजी ठरवायचे. ‘एक-हात’वर ‘तुला कोणी विचारलं?’ हे बटण नव्हतं. “ते काही लागत नाही ना,” ते मला म्हणाले. ‘एक-बोट’वर बाराखडीही नव्हती. डॉक्टरीणबाईंनी दमवू नका म्हणून सांगितलं होतं, आणि या माणसाला सांगितलेलं ऐकायची सवय.

“जुन्या ब्रँच पुसून टाकल्या का?” मी एकदा विचारलं.

“छे. असू देत. बरी झाली की मागे जायला लागेल.”

 

‘एक-बोट’नंतरची ब्रँच होती ‘डोळे’. पडद्यावर दोनच चौकटी, हो आणि नाही. त्या आळीपाळीने उजळायच्या; हवी ती उजळली की ताईने डोळे मिटायचे आणि कॅमेऱ्याने ते टिपायचं. काम झकास चालायचं. पाणी हवं? हो. दुखतंय? नाही. भाऊजींनी विचारायचं आणि ताईने त्यातलं एक निवडायचं. जन्मभर बोललेली बाई आता फक्त उत्तरं देत होती.

अशातच श्वासाचं दुखणं सुरू झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गळ्यातून नळी घालून यंत्र लावता येईल. त्याने ती कदाचित बरीच वर्षं जगेल, पण पलंगाला आणि यंत्राला बांधलेली. नाही लावलं तर फार दिवस नाहीत. त्रास मात्र होऊ देणार नाही. “तिला विचारा,” त्या म्हणाल्या. “निर्णय तिचा आहे.”

भाऊजींनी विचारलं, पण विचारलं काय, तर “तुला माझ्याबरोबर राहायचंय ना?” सरकारी बाई म्हणाली, हो. भाऊजींनी डॉक्टरीणबाईंना फोन करून होकार कळवला आणि नळीचा दिवस ठरला.

त्या दिवसापासून ताई प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायला लागली. पाणी? नाही. कूस? नाही. दिवा घालवू? नाही. घालवू नको? नाही. भाऊजींना वाटलं कॅमेरा बिघडला. त्यांनी कॅमेऱ्यासाठी आणखी एक ब्रँच काढली आणि तिच्यावर खपत बसले. मी सुट्टी घेऊन पोचले तेव्हा दाढीचं जंगल वाढलेलं, डोळे तारवटलेले, आणि तोंडात एकच पालुपद, “उजेड कमी पडतोय बहुतेक.”

मी ताईच्या समोर बसले. तिच्याकडे बघितल्यावर मला कॅमेऱ्यात काही बिघाड वाटला नाही. लहानपणी खेळात कुणी लबाडी केली, की ती हेच डोळे करायची.

“ताई, तुला काही सांगायचंय?”

सरकारी बाई म्हणाली, “हो.”

भाऊजी उठून उभे राहिले. “काय सांगायचंय? दुखतंय का?”

“नाही.”

“अहो भाऊजी, दोन चौकटींत ती काय सांगणार?” मी म्हटलं. “तिची अक्षरं कुठे आहेत?”

“‘दोन-हात’वर. पण ती ब्रँच बोटांसाठी आहे. तिथे डोळ्यांचं काहीच नाही.”

“मग घाला.”

“एकेक अक्षर निवडायचं म्हणजे एका वाक्याला अर्धी दुपार जाईल. दमेल ती.”

“दमू दे. तिची दुपार आहे.”

ते लॅपटॉप घेऊन तिथेच खाली बसले. ‘दोन-हात’वर मागे गेले, तिथून नवी ब्रँच काढली, आणि ‘डोळे’वरचं तेवढं काम उचलून तिच्यावर आणलं. काही ठिकाणी दोन्हीकडच्या ओळींचं जमेना. यातली कुठली ठेवायची, असं पडदा विचारत राहिला. एरवी अशा जागी ते कितीतरी वेळ विचार करतात. त्या दिवशी भराभर ठरवत गेले. नवीन ब्रँचला नाव काय दिलं ते मला दिसलं नाही.

पडद्यावर बाराखडी आली. बाजूला ती जुनी बटणंही आली. रांगा एकामागून एक उजळायला लागल्या. ताईने पहिली फेरी नुसती बघितली. मग बटणांची रांग आली, तिने डोळे मिटले, आणि सरकारी बाई त्या सपाट आवाजात म्हणाली,

“तुला कोणी विचारलं?”

मला हसू फुटलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. भाऊजी हसले नाहीत. त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

मग ताई एकेक अक्षर निवडत गेली. मध्ये थांबायची, धापा टाकायची. भाऊजी एकदाही पुढचं अक्षर ओळखायला गेले नाहीत, आणि त्यासाठी मी त्यांना माझे सगळे जुने राग माफ केले. खिडकीतलं ऊन पलंगावरून भिंतीवर गेलं तेव्हा पडद्यावर दोन शब्द होते. नळी नको.

“माझ्याबरोबर राहायचंय म्हणालीस,” भाऊजी म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

ताईने पुन्हा अक्षरं सुरू केली. मला वाटलं, आता ती त्यांची समजूत घालणार. तिने लिहिलं, दाढी कर.

भाऊजी न्हाणीघरात गेले आणि दार लावून घेतलं. नळ बराच वेळ वाहत होता. बाहेर आले तेव्हा गालावर दोन ठिकाणी कापलं होतं. ते पलंगाशी येऊन बसले, डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आणि पडद्यावरचे दोन शब्द होते तसे वाचून दाखवले.

“तुमची खात्री आहे ना?” पलीकडून त्यांनी विचारलं.

“मला नका विचारू,” भाऊजी म्हणाले आणि फोन ताईच्या उशीशी धरला. डॉक्टरीणबाईंनी सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं, नळी लावली तर काय आणि नाही लावली तर काय, आणि मग तिचं मत विचारलं. रांगा उजळत गेल्या. भाऊजींनी फोन जरासुद्धा हलू दिला नाही. सरकारी बाईने तेच दोन शब्द पुन्हा म्हटले.

ताई त्यानंतर थोडेच आठवडे होती, आणि त्याच ब्रँचवर होती. भाऊजी रोज सकाळी दाढी करायचे. ती गेली त्या सकाळीही केली होती.