चौदा दिवस फुकट

साचेवाल्यांना फुकट काही नको असतं, असं ते स्वतः सांगतात. त्यांना फक्त पैसे द्यायचे नसतात. या दोन्हींतला फरक त्यांच्या बायकोला लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी कळलेला नाही, आणि त्याबद्दल ते तिला मोठ्या मनाने क्षमा करत आले आहेत.

त्यांचा धंदा बुटांचा, पण काचेआड मांडलेल्या बुटांचा नव्हे. एक पाय आखूड असलेली, पाऊल आत वळलेली, टाचेचं हाड वाढलेली माणसं त्यांच्याकडे येत. साचेवाले दोन्ही पायांची मापं घेत, प्रत्येक पायाचा लाकडी साचा कोरत आणि त्यावर बूट चढवत. म्हणून साचेवाले. मागच्या भिंतीवर सहाशे साचे टांगलेले होते आणि कोणता कोणाचा हे त्यांना पाहताक्षणी कळे. तयार बुटांचा विषय निघाला की ते नाक मुरडत. "एका साच्यात हजार पाय कोंबायचे, ही काय कारागिरी झाली?" हे वाक्य दिवसातून एकदा तरी होई, आणि ऐकायला कोणी नसलं तर बायकोला ऐकावं लागे.

अडचण एवढीच झाली की हाडांचे जुने डॉक्टर निवृत्त झाले. वीस वर्षं तेच चिठ्ठी देऊन माणसं पाठवत. नवा डॉक्टर चिठ्ठी देत नसे. "ऑनलाइन बघा" म्हणून मोकळा होई. साचेवाल्यांकडे महिन्याला दोन माणसं येऊ लागली, मग एक, मग फक्त शेजारचा औषधवाला, तोही सुटे मागायला.

तेवढ्यात मेहुणा आला. त्याचं तयार बुटांचं तीन मजली दुकान होतं. "भावजी, वर्षअखेरपर्यंत बघा," तो म्हणाला. "नाहीतर माझ्याकडे काउंटरवर बसा. खुर्ची आहे, पंखा आहे, डोक्याला ताप नाही." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच साचेवाल्यांना जास्त झोंबलं. ज्याने जन्मभर तयार बुटांना नावं ठेवली त्याने आता सात नंबर, आठ नंबर काढून देत बसायचं. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी वेबसाइट काढायचं ठरवलं.

वेबसाइट बनवून देणाऱ्या ऑफिसात जो आकडा ऐकला, त्यावर ते समोर आलेलं पाणीसुद्धा न पिता बाहेर पडले. घरी शोधाशोध करता कळलं की हल्ली वेबसाइट आपली आपल्यालाच बनवता येते. कोड वगैरे लिहावा लागत नाही. समोर पान दिसतं. फोटो उचलायचा, हवा तिथे नेऊन सोडायचा, अक्षरं मोठी करायची, रंग बदलायचा, सगळं माउसने. याला व्हिज्युअल एडिटर म्हणतात. असे एडिटर ढिगाने आहेत आणि प्रत्येक जण स्वतःला सगळ्यात स्वस्त म्हणवतो.

चामड्याला भोक आहे का हे बघायला साचेवाले ते उजेडात धरतात, तशी त्यांनी एकेकाची दरपत्रकं वाचली. एका ठिकाणी मोठ्या अक्षरात महिन्याचा दर होता आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'वर्षाचे एकदम भरल्यास'. दुसऱ्याचा दर खरोखर कमी होता, पण पहिल्या वर्षापुरता. तिसरा कायमचा फुकट होता, मात्र पानावर तुमच्या नावाच्या दुप्पट मोठं त्याचं नाव. ही लबाडी पाहून साचेवाल्यांना मनापासून संताप आला. अशांशी लबाडीनेच वागलं पाहिजे, असा कौल त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीने लगेच दिला. चौथ्या एडिटरवर लिहिलं होतं, 'चौदा दिवस फुकट वापरून पाहा'.

पहिलीच पायरी होती, साचा निवडा. हॉटेलाचा साचा, वकिलाचा साचा, व्यायामशाळेचा साचा, असे चारशे तयार साचे. अख्खा दिवस घालवून साचेवाल्यांनी दातांच्या दवाखान्याचा निवडला आणि त्यात आपले बूट बसवले.

"एका साच्यात हजार दुकानं," बायको मागून म्हणाली. "चांगली कारागिरी आहे."

साचेवाल्यांना तेवढ्यापुरतं कमी ऐकू येऊ लागलं.

पंधराव्या दिवशी वेबसाइट गायब झाली आणि पैसे भरा असा निरोप आला. साचेवाल्यांनी पैसे भरले नाहीत. बायकोच्या नावाने नवा ईमेल काढला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून बांधलं. पुढच्या खेपेला मेहुण्याच्या नावाने. नात्यातली माणसं अशी भराभर संपत गेली, तेव्हा त्यांनी वडिलांचं नाव घातलं. वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. हयातीत त्यांनी टाइपरायटरलाही हात लावला नव्हता. आता ते वेबसाइट चालवत होते.

"अहो, दर खेपेला तीन-तीन दिवस घालवताय," बायको म्हणाली. "तेवढ्यात एक जोड झाला असता."

"कोणाचा जोड? येतंय कोण?"

पाच महिन्यांत साचेवाल्यांनी एकच वेबसाइट नऊ वेळा बांधली आणि गिऱ्हाईक एकही आलं नाही. वर्ष संपायला सहा आठवडे उरले तेव्हा ते भिंतीवरचे साचे काढून पोत्यांत भरू लागले. पहिलं पोतं भरताना ते शिट्टी वाजवत होते. दुसऱ्याला ती वाजेना. बायकोला ते बघवेना, म्हणून ती आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

तिसरं पोतं चालू असताना दारात एक बाई उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, हातात काठी, शाळेत भाषा शिकवणाऱ्या. हे त्यांनी सांगायच्या आधीच कळत होतं.

"वेबसाइट तुमचीच ना?" त्यांनी विचारलं. "मी तुमच्या चार वेबसाइट वाचल्या. दर वेळी रंग नवा, वेबसाइटचा पत्ता नवा, आणि थोड्या दिवसांत पान गायब. आधी वाटलं दुकान बंद पडलं. मग वाटलं फसवणारे लोक आहेत."

"मग आलात कशा?"

"तुमच्या शुद्धलेखनामुळे. 'विशेष' या शब्दात आधी शेंडीफोड्या श येतो, मग पोटफोड्या ष. तुम्ही चारही ठिकाणी उलटा लिहिलाय. म्हटलं, फसवणारा माणूस एवढा प्रामाणिक नसतो. मग मी 'विषेश बूट' असंच टाकून शोधत राहिले. इतक्या ठामपणे लिहिणारे तुम्ही एकटेच सापडलात."

"पण दुकानाचा पत्ता?"

"पत्ता नव्हता, फोनही नव्हता. तुमच्या फोटोत मागे औषधाच्या दुकानाची पाटी आहे, तिच्यावरचा नंबर लावला."

फोन नंबर साचेवाल्यांनी मुद्दामच दिला नव्हता, उगाच कोणी पिडेल म्हणून. "निरोपाचा रकाना आहे की," ते पुटपुटले.

"त्यात तीनदा लिहिलं. उत्तर नाही."

बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी डावा बूट काढला. तयार बूट होता, आखूड पायाला उंची यावी म्हणून आत कॉर्कचे तुकडे भरलेले. घोटा सुजून काळानिळा झाला होता. "माझे जुने कारागीर वारले," त्या हजेरी घेतल्यासारख्या आवाजात म्हणाल्या. "तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वेबसाइटच्या मधल्या काळात मी जिन्यावरून पडले. पुन्हा पडले तर शाळा घरी बसवणार आहे."

साचेवाल्यांनी पाऊल हातात घेतलं. एरवी ते माप घेता घेता दहा गोष्टी सांगत. आज त्यांनी एकच माप तीनदा घेतलं. पाच महिने आपण काय वाचवलं आणि ते कोणाच्या पायावर गेलं, हे ते तळहातावर धरून बसले होते. त्यांना भयंकर लाज वाटली.

रकान्यातले निरोप ज्या ईमेलांवर जात, ते बाई गेल्यावर त्यांनी एकेक करून उघडले. बायकोच्या नावावर सहा निरोप पडले होते, मेहुण्याच्या नावावर चार. वडिलांच्या नावावर अकरा. 'आदरणीय काका, माझा उजवा पाय', 'कृपया कळवावे', 'पुन्हा लिहीत आहे'. वडिलांनी एकालाही उत्तर दिलं नव्हतं.

मागे उभं राहून बायकोने सगळं वाचलं. आता ती काहीतरी लागेल असं बोलणार, म्हणून साचेवाले मान खाली घालून थांबले.

"लिहायला घ्या," ती म्हणाली. "मी वाचून दाखवते."

त्या आठवड्यात त्यांनी वर्षाचे पैसे भरले, पानावर पत्ता आणि फोन घातला आणि पोती रिकामी केली. काउंटरवर कोणी येणार नाही, हे मेहुण्याला बायकोनेच कळवलं.

तीन आठवड्यांनी बाई नवे बूट घालून वर्कशॉपमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. खांदे एका रेषेत आले होते. त्यांनी आरशात पाहिलं, काठी भिंतीला टेकवली आणि तेवढंच अंतर पुन्हा चालून पाहिलं.

"सहा महिन्यांनी तळ बदलावा लागेल," साचेवाले म्हणाले.

"तेव्हा सापडाल ना?"

"म्हणजे काय. वर्षाचे भरलेत," साचेवाले छाती पुढे काढून म्हणाले.

"आणि वर्षानंतर मी काय करायचं? पडायचं?"

साचेवाल्यांची छाती जागेवर आली. ते उठून कॉम्प्युटरपाशी गेले. पैशांच्या पानावर अगदी खाली एक छोटा चौकोन होता, 'दर वर्षी आपोआप रक्कम कापून घ्यावी'. असला चौकोन त्यांनी जन्मात कधी भरला नव्हता. त्यांनी चष्मा लावला, ओळ दोनदा वाचली आणि चौकोनात खूण केली.