चिकटपट्टीखालचा आकडा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चहाच्या टपरीवर यंत्रमागावरचा एक कामगार रोज दिसायचा. केसांत सुताचे पांढरे तंतू, हातात मोबाईल आणि त्यावर उघडलेली कादंबरी. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात काळी चिकटपट्टी. काच फुटली असेल, असं मला वाटायचं. एकदा विचारलंच.

"फुटली न्हाय. किती टक्के वाचून झालं ते तितं दिसतंय," अंगठ्याने पान सरकवत तो म्हणाला. "दिवसभर मागावर टॉवेल मोजतोच की. हितं तरी मोजणी नको."

यंदा मोबाईलवर माझी चाळीस पुस्तकं वाचून झाली, हे मी त्याला ऐटीत सांगणार होतो. पण त्या चाळिसांतल्या एकाचीही गोष्ट मला धड आठवेना.