भिंतीवरचा मुद्देमाल

तो मे महिना माझ्या डोक्यातून अजून जात नाही. पोलिसात मी शिपाई म्हणून शिरलो आणि फौजदार होऊन बाहेर पडलो. शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. ही हकिगत मी घरात पुष्कळदा सांगायचो. बायको ऐकायची आणि मधेच माझी चूक काढायची. ती गेल्याला आठ महिने झाले. आता चूक काढणारं कोणी नाही, म्हणून कागदावर उतरवतो. नाव कुणाचंच लिहिणार नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी शहाद्याकडच्या एका ठाण्यात जमादार होतो. एका सकाळी टपालात बिनसहीचं पत्र आलं. तापीकाठच्या एका गावात मुलींची शाळा बांधतात, तिथला मास्तर खोट्या पावत्या फाडतो. एकाच देणगीच्या दोन पावत्या, नंबर एक, तारीख एक, रक्कम वेगळी. शिवाय म्हटलं होतं की शाळेसाठी आणलेलं लाकूड जंगलातून चोरलेलं आहे.

आमचे फौजदारसाहेब कडक. पत्र वाचून म्हणाले, "जमादार, मास्तरला घेऊन या. लाकूड जप्त करा. पुढचं पुढे बघू."

सायकलवर गेलो. चार भिंती उभ्या होत्या, वर आभाळ. अंगणात सागाच्या तुळया आणि वासे रचून ठेवलेले. सुट्टी असूनही सतरा-अठरा पोरी भिंतीच्या सावलीत बसून पाढे म्हणत होत्या. सावली सरकली की त्याही पाटी उचलून सरकायच्या. मास्तर बारीक अंगाचा, तिशीतला. मला बघून तो घाबरून उठला आणि खडू खाली पडला. आमच्या धंद्यात एक गोष्ट कळते. घाबरला म्हणजे माणूस गुन्हेगार असं नाही. मुरलेला गुन्हेगार घाबरत नाही.

पावतीपुस्तक मागितलं. त्यानं आतून आणून दिलं, पुस्तकात राहणाऱ्या स्थळप्रतींचं एकही पान फाडलेलं नाही. जिच्यावर तक्रार होती ती स्थळप्रत उघडली आणि मीच चक्रावलो. त्याच पानावर, स्वच्छ अक्षरात, दोन्ही रकमा लिहिलेल्या. एकीपुढे 'दिल्लीसाठी', दुसरीपुढे 'राज्यासाठी'.

"मास्तर, हे काय?"

"देणगीदार भाऊंनी सांगितलं तसं केलं, जमादारसाहेब."

हे भाऊ म्हणजे गावातले गुजर शेतकरी. केळी, ऊस, शिवाय कापसातली सरकी काढायची जिनिंग. बायको वारली तेव्हा तिच्या नावानं मुलींची शाळा बांधायची असं त्यांनी मनात घेतलं. भिंतींना रोख पैसे दिले, छपराला लाकूड दिलं. आता जिनिंगच्या कमाईवर दिल्लीचा कर. शेतीच्या कमाईवर राज्य सरकारनं मोठ्या बागायतदारांना नवा कर लावलेला. दान केलं तर करात वजावट मिळते, पण किती दान धरायचं त्याची हद्द दोन्हीकडे वेगळी. भाऊंना वकिलानं सांगितलं होतं की दिल्ली फक्त रोख धरते, तीही ठरावीक हद्दीपर्यंत, आणि राज्याचा हिशेब निराळा. कायद्यातलं मला कळत नाही, ऐकलं तसं लिहितो. भाऊंनी त्यातून आपला अर्थ काढला. ज्या सरकारची जेवढी हद्द, तेवढ्या रकमेची पावती.

"म्हणजे मापानं शिवून दिली?" मी म्हणालो. "अहो, पावती आहे का सदरा?"

मास्तर रडकुंडीला आला. "मला वाटलं, सरकार दोन तर पावत्या दोन. लपवायचं असतं तर पुस्तकात कशाला लिहिलं असतं? माझी नोकरी जाईल का हो?"

तेवढ्यात भाऊ आले. धिप्पाड गडी, डोक्याला टोपी, आवाज शेताच्या पलीकडे जाईल असा, बोली खानदेशी. "मास्तरले कसाले धरी ऱ्हायनात? मन्ही चूक शे, माले धरा! आणि लाकडे चोरीनी म्हणस कोन?"

"भाऊ, आवाज खाली. पोरी बघतायत."

"बघू द्या! पोलीस कसा ऱ्हास ते तरी शिकतीन."

पोरी हसल्या. मलाही हसू आलं, पण मिशीत दाबलं. जबाब घेताना हसलं की पुढचा माणूस डोक्यावर बसतो.

लाकडाचा निकाल लावणं सोपं होतं. जंगल खात्यातून सुटलेल्या प्रत्येक तुळईच्या टोकाला हातोड्यानं शिक्का मारलेला असतो. रास उतरवायला लावली, एक एक टोक पुसून बघितलं. सगळ्यांवर शिक्का. दुसऱ्या दिवशी एसटीनं अक्कलकुव्याला गेलो आणि जंगल नाक्यावरच्या वहीत लाकूडवाहतुकीचा पास ताडून बघितला. भाऊंच्या नावचा पास, तेवढेच नग. चोरी खोटी ठरली.

राहिला पावत्यांचा घोळ. भाऊ आणि मास्तरला घेऊन मी स्वतः धुळ्याला करकचेरीत गेलो. तिथले साहेब म्हातारे, शांत. दोन्ही पावत्या शेजारी ठेवून म्हणाले, "भाऊ, जे दिलंत ते एकदाच, खरं खरं लिहायचं. त्यातलं किती धरायचं ते ज्याचं ते सरकार बघेल. हद्द आमची आहे, तुम्ही पावतीला कात्री लावायची नाही." भाऊंनी तिथेच लेखी कबूल केलं, दुरुस्त पत्रकं भरली, जास्तीचा कर आणि दंड भरायला तयार झाले. पण वरून निकाल येईपर्यंत चार-पाच महिने लागणार, असं साहेब म्हणाले.

आता खरी अडचण पुढे आली. चोरी खोटी ठरली तरी लाकूड त्याच देणगीतलं, म्हणून निकाल येईपर्यंत तेही पुरावा, जप्त. ते ठाण्याच्या अंगणात उघड्यावर पडणार, कुजणार. आणि जूनमध्ये पोरी बसणार कुठे? मास्तरनं सांगितलं, "छप्पर नाही झालं तर आईबाप पोरींना शेतात कामाला घालतील. एकदा गेलेली पोरगी परत येत नाही, साहेब." मी परत आलो, पण त्याचं बोलणं डोक्यातून जाईना.

दुपारी जेवायला घरी गेलो. भाकरीचा एकच तुकडा मोडत बसलो. बायकोनं विचारलं, मी सांगितलं. तिला अक्षर येत नव्हतं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आहो, लाकडे कोठे तरी ठेवानाच शेतस ना? मंग भितवर ठेवा."

मी हातातला घास तसाच ठेवून उठलो.

पंच बोलावले. पंचनामा केला, मास्तर आणि दोन गावकऱ्यांच्या ताब्यात माल दिला, सुपूर्तनाम्यावर सह्या घेतल्या. प्रत्येक तुळईवर डांबरानं मुद्देमालाचा क्रमांक मी स्वतःच्या हातानं घातला. मग लिहिलं, 'सदर मुद्देमाल सुरक्षित राहावा म्हणून शाळेच्या चार भिंतींवर आडवा ठेवला असून, भिजू नये म्हणून वर कौले घातली आहेत.'

फौजदारसाहेबांनी दोनदा वाचलं. "जमादार, ही काय थट्टा आहे?"

"एक अक्षर खोटं नाही, साहेब. जाऊन बघा."

"हे तुमचं डोकं नाही."

"नाही, साहेब. घरचं आहे."

साहेबांनी टाक दौतीत बुडवला. मग सही केली. जूनमध्ये शाळा भरली. पुढे दंड भरून प्रकरण मिटलं, मास्तरला नुसती लेखी ताकीद मिळाली.

या प्रकरणानं मला माझं काम शिकवलं. त्याआधी मीही जबाब कलमाच्या मापानं कापायचो. काय लिहिलं तर कलम बसेल, ते बघून लिहायचो. त्यानंतर सोडलं. घडलं तेवढं सगळं लिहायचं, किती धरायचं ते कोर्ट बघेल. आणि आणखी एक. कायद्यात वाट नाही असं वाटलं की घरी विचारावं.

बायकोला ती शाळा आतून दाखवायची राहिली. नेईन, नेईन म्हणत वर्षं गेली. मागच्या महिन्यात एकटाच गेलो. आता मोठी इमारत आहे, पण ती जुनी खोली तशीच आहे, पोरींनी भरलेली. वर बघितलं. डांबराचे आकडे अजून दिसतात, माझं वाकडं हस्ताक्षर.

एका पोरीनं विचारलं, "बाबा, वर काय लिहिलंय?"

"मुद्देमाल आहे तो. माझ्या बायकोनं वर चढवलाय."

"मग खाली कधी उतरवणार?"

"नाही उतरवणार. माल तुमच्या ताब्यात आहे, पोरींनो. सांभाळा."