आत्याच्या गुडघ्याचा आवाज

आमच्या घरातला वरच्या खोलीचा जिना आता कोणी वापरत नाही. तरी मला त्यावरून आवाज येतो.

आत्या जिनेच पुसायची. आठ मजली कचेरी, हातात बादली, उलट्या पावलांनी एकेक पायरी खाली, अशी पंचवीस वर्षं. गुडघ्यांनी कधीच हात टेकले होते, आत्याने नाही. "लिफ्टवाला निवृत्त झाला, मग लिफ्टही झाली. मीच तेवढी चिकट," म्हणायची आणि कठडा धरून मटकन बसायची. शेवटी मुकादमीणबाईने दम भरला की महिन्याभरात पाय चालले नाहीत, तर दुसरी बाई बघू.

मी इस्पितळात नव्या औषधांच्या चाचण्यांचे कागद सांभाळतो. तेव्हा नेमकं गुडघेदुखीवरचं एक इंजेक्शन चाचणीला आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आत्याला समजावलं, "झिजलेल्या सांध्यात एक प्रथिन जास्त तयार होतं. लहानपणी तेच नसा वाढवतं, मोठेपणी त्यांना चेतवतं, दुखतंय म्हणून ओरडायला लावतं. हे औषध त्या प्रथिनाला वाटेतच धरून ठेवतं."

"म्हणजे चहाडखोराचं तोंड बंद!" आत्या म्हणाली. आम्ही सगळे हसलो. यादीत तिचं नाव मीच घातलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात दुखणं पळालं. आत्या गुणगुणत आठ मजले चढायला लागली, नोकरी वाचली. मीही हवेत होतो. दर सोमवारी मी विचारायचो, शून्य ते दहा, किती दुखतंय? "शून्य रे बाबा, शून्य!" मी शून्य लिहायचो.

चौथ्या महिन्यात आवाज सुरू झाला. आत्या वरच्या खोलीतून उतरताना आधी कट्ट व्हायचं, मग ओल्या वाळूवरून पाट ओढावा तशी खरखर. ती दिसायच्या आधी तिचा गुडघा ऐकू यायचा. आई रेडिओ मोठा करायची. आत्याचा चेहरा मात्र अगदी निवांत असायचा, आणि त्या निवांतपणानेच माझ्या अंगावर काटा यायचा.

तक्त्यात आवाजाचा रकाना नव्हता, म्हणून मी तो लिहिला नाही. हे कारण मी स्वतःला इतक्यांदा दिलंय की आता ते मलाच पटत नाही. लिहिला असता तर इंजेक्शन थांबलं असतं, दुखणं परतलं असतं, नोकरी गेली असती. मला ते नको होतं. भित्रा होतो मी, दुसरं काय!

सातव्या महिन्यात एक्स-रे काढला. मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक कुणी कुरतडल्यासारखं दिसत होतं. "दुखलं असतं तर त्या वेळीच थांबल्या असत्या," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

सांधा बदलावा लागला. नोकरी गेलीच. आत्या शुद्धीवर आली तेव्हा मी सवयीने विचारलं, "किती?"

"नऊ," ती ओठ चावत म्हणाली. "मला आवाज यायचा रे. बोलले नाही. तू इंजेक्शन बंद केलं असतंस." माझ्याकडे मान वळवून तिने विचारलं, "तुला कधी ऐकू आला?"

"नाही," मी म्हणालो.

तिने माझा हात थोपटला. "बरं झालं. मला वाटायचं, तुला ऐकू येतंय आणि तू बोलत नाहीयेस."