मागे वळलेल्या गुडघ्याची घोडी

भडगावला माझा जनावरांचा दवाखाना आहे. म्हशींची अडलेली वार काढणं, शेळ्यांना लस टोचणं, बैलाच्या खांद्यावरची गाठ फोडणं, यात माझा दिवस जातो. घोडं क्वचितच येतं. पण शिकत असताना मी पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर सहा महिने काढले होते. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला पाय बघायला शिकवलं. घोडं बाजूने उभं करायचं आणि गवंडी ओळंबा सोडतो तशी खांद्यापासून नजर सरळ खाली आणायची. ती गुडघ्याच्या मधून जाऊन घोट्यात उतरली पाहिजे.

माझ्या बायकोचा थोरला भाऊ केळीचा बागायतदार. त्याला सगळे नाना म्हणतात, मीही. एका हिवाळ्यात तो मला तापीकाठच्या घोड्यांच्या बाजारात घेऊन गेला. मारवाडी, काठेवाडी घोड्यांच्या रांगेत एक तांबडी थरोब्रेड घोडी बांधलेली होती. रेसकोर्सवर दोन हंगाम धावलेली, उंच, पातळ कातडीची. नाना तिच्यासमोर जो थांबला तो हलेचना.

मी बाजूला जाऊन बघितलं. दोन्ही पुढचे गुडघे मागे वळलेले होते, उजवा जास्त. असा पाय चालताना कळत नाही. भरधाव पळताना घोडं थकलं की तो गुडघा आणखी मागे झुकतो, पुढच्या बाजूची हाडं एकमेकांवर चेपतात, मागची शीर ताणते.

"नाना, ही पळवायची घोडी नाही," मी म्हणालो. "वरातीला घ्या, फिरायला घ्या. शर्यतीला घातली तर पाय जाईल."

विकणारा हसला. "साहेब कसले डॉक्टर आहेत?"

"म्हशीस्ना," नाना म्हणाला. आजूबाजूचे दहा-पंधरा लोक हसले. त्याने घोडी घेतली.

त्या रात्री सासरी पंगतीत त्याने तोच किस्सा पुन्हा सांगितला. "आमना डॉक्टरले म्हशीस्नं शेन समजस, घोडाना पाय नही." सासू हसली, मेहुण्या हसल्या. बायको हसली नाही. मी भरीत खात राहिलो.

घोडी पहिली शर्यत जिंकली. मग दुसरीही. चाळीसगावकडच्या एका यात्रेत तर ती एवढी पुढे होती की बाकीची घोडी वेगळ्याच शर्यतीत असावीत असं वाटलं. प्रत्येक वेळी नानाचा फोन यायचा. "डॉक्टर, पाय जागेवरच शे बरं!" मागे लोक हसताना ऐकू यायचे. मी अभिनंदन करायचो. खरं सांगायचं तर ती नुसती हरणं मला पुरेसं वाटत नव्हतं.

चैत्रातल्या यात्रेला नानाने मला मुद्दाम बोलावलं. शर्यत गिरणेच्या पात्राजवळच्या पडीक रानात, दुपारी चारला होती. मी पोचलो तेव्हा तो पाहुण्यांत बसला होता. घोडीजवळ एकटा स्वार होता. सातपुड्याकडून येऊन भडगावजवळ वसलेला, चाळिशीचा, काटक माणूस. घरी बायको, तीन लेकरं, पावसाच्या भरवशावरची दोन तुकडे जमीन. नाना त्याला शर्यतीपुरता रोजावर बोलवायचा.

मला बघून तो लगबगीने आला. "साहेब, बरं झालं तुम्ही आले. घोडी काल रात्रीपासून पाय चोरते. जरा हात लावून बघा."

त्याने तिला चार पावलं दुडक्या चालीने चालवलं. उजवा पाय टेकला की ती डोकं वर उचलत होती. दुखरा पाय टेकताना घोडं असंच करतं. मी खाली बसलो आणि गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा गरम होता. त्याखाली, पायाच्या नळीच्या हाडामागची शीर सुजलेली होती. दाबल्याबरोबर घोडीने पाय झटकन ओढून घेतला.

आता बोलायचं होतं. नाना पन्नास पावलांवर बसला होता. मी सांगितलं असतं तर तो चिडला असता, पण त्याने ऐकलंही असतं. घोडीवर त्याचा जीव होता. मग ती आठवडाभर ठाणावर उभी राहिली असती, सूज उतरली असती आणि नाना गावभर सांगत सुटला असता की डॉक्टर उगाच घाबरवतो.

स्वार माझ्या तोंडाकडे बघत होता. "पळवू का नको, साहेब?"

"मला काय विचारतोस?" मी म्हणालो. "मी म्हशींचा डॉक्टर. मालकाला विचार."

तो गेला. नानाने त्याला दोन वाक्यांत परत पाठवलं. घोडी घेऊन जाताना स्वाराने माझ्याकडे एकदा वळून बघितलं. मी मोबाईल काढला आणि त्यात बघत राहिलो.

निम्म्या रानापर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. मग उजवा पाय तिच्या खालून नाहीसा झाल्यासारखा झाला. ती तोंडावर पडली, स्वार तिच्यापुढे फेकला गेला, मागच्या दोन घोड्यांनी कशीबशी वाट काढली. लोक ओरडले. मला आधी समाधान वाटलं. दया नंतर आली, तीही थोडी. मी बॅग घेऊन चालत गेलो, पळालो नाही.

घोडी उठली होती. तीन पायांवर उभी होती आणि चौथा गुडघ्यापासून खाली लोंबत होता. तो टेकवायचा ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती. नाना धापा टाकत आला.

"काहीतरी करा डॉक्टर. पट्टी बांधा, प्लास्टर करा. काय लागेल ते सांगा."

घोड्याचा असा पाय जुळत नाही; तिला सोडवायचं इंजेक्शन बॅगेत होतं. लगेच द्यायला हवं होतं. पण चार महिने मी जे वाक्य सांभाळून ठेवलं होतं ते मला आधी म्हणायचं होतं, आणि पुरेशी माणसं गोळा होईपर्यंत मी थांबलो.

"नाना," मी मोठ्याने म्हणालो, "घोडी घेताना मी काय सांगितलं होतं? यांना सांगा जरा."

सगळ्यांसमोर त्याने सांगितलं. घोडी तोवर थरथरत होती. मग मी आधी गुंगीचं आणि नंतर शेवटचं इंजेक्शन मानेच्या शिरेत दिलं. ती पडताना नाना पाठ करून उभा होता.

स्वाराचा खांदा मोडला होता. त्याला टेम्पोत घालून नेलं.

घरी बायकोने एकच विचारलं, "पळायच्या आधी तुम्ही पाय बघितला नव्हता?" "नाही बघितला," मी म्हणालो.

आता नाना माझ्याशिवाय वासरूसुद्धा घेत नाही. बोदवडपर्यंतचे लोक घोडं घेण्याआधी मला फोन करतात. त्या दुपारी मी सगळ्यांदेखत खरा ठरलो आणि माझं नाव झालं. डॉक्टरांना पाय बघताक्षणी कळतो, असं नाना स्वतः सांगतो.

मागच्या महिन्यात तो स्वार शेळी घेऊन दवाखान्यात आला. उजवा हात आता नीट उचलला जात नाही, हे त्याने डाव्या हाताने शेळी टेबलावर चढवली तेव्हा दिसलं. मी शेळी तपासली, औषध दिलं, किती दिवस द्यायचं ते सांगितलं.

"बरं साहेब," तो म्हणाला.

मी पुढच्याला आत बोलावलं.