पितृपक्षात विक्रीला आलेली मोटरहोम

गुरुदत्त कामतेकरांनी आयुष्यभर मुहूर्ताची टर उडवली. "मुहूर्त म्हणजे आळशी माणसाचं कॅलेंडर," असं ते कॅनडातल्या आमच्या एडमंटनच्या महाराष्ट्र मंडळात भर सत्यनारायणाला म्हणायचे, आणि त्यांची बायको जयंती डोळे वटारून प्रसाद वाटत राहायची. १९७० च्या सुमाराला साताऱ्याहून आलेला हा इंजिनिअर. नोकरी सगळी तेलाच्या पाइपलाइनींवर गेली. कुणाची घर तापवणारी फर्नेस बंद पडली की पाना घेऊन हजर, आणि दुरुस्ती होईपर्यंत घरमालकाला शिव्या. मी मंदाकिनी, त्यांची शेजारीण. आमचं रोज वाजायचं, पण दुखलंखुपलं की पहिली हाक भाऊजींनाच.

जयंतीला विसर पडायला लागला तेव्हा ते पार खचले. डॉक्टर म्हणाले, कुठे न्यायचं असेल तर याच वर्षी न्या. तिची इच्छा एकच होती, डोंगर ओलांडून रस्त्याने समुद्रापर्यंत जायचं, कोक्विटलामला निहारकडे, म्हणजे मुलाकडे. दर उन्हाळ्यात नोकरी आडवी आली. आता हॉटेलात नेणं अवघड होतं. एकदा डोंगरातल्या जॅस्पर गावी नेलं तर हॉटेलची खोली परकी म्हणून बाई कॉरिडॉरमध्ये रडत उभी राहिली. म्हणून मोटरहोम, चाकांवरचं घर. रोज तोच पलंग, तीच वॉशरूम, तोच मिसळणाचा डबा. तिला ओळख आहे तोवर एवढं एक घडवायचं, याचा ध्यासच घेतला होता त्यांनी.

पर्यटक परतले की भाड्याने देणाऱ्या कंपन्या सप्टेंबरात जुन्या गाड्या विकायला काढतात. २०१६ चा तो सप्टेंबर. भाऊजी आणि मी अशा एका कंपनीच्या यार्डात गेलो. भाऊजी एका मोटरहोमखाली आडवे झाले, भिंती अंगठ्याने दाबून कुठे ओल मुरलीय का पाहिलं, नळ सोडून पाहिले.

"भाड्याची गाडी म्हणजे दहाजणांनी पिळलेला कपडा," मी म्हटलं.

"पिळलाय, पण वेळच्या वेळी धुतलाय. सर्व्हिसिंग चोख आहे."

निहारला फोन लावला. तो म्हणाला, "डॅड, शी नीड्स केअर, नॉट अ कॅम्पर." भाऊजींनी फोन ठेवून दिला. मला वाटलं, आता सही करतात. तर हा माणूस सेल्समनला म्हणाला, ऑक्टोबरात येतो.

परतताना कारमध्ये बसल्यावर मी विचारलं, "का हो?"

"पितृपक्ष चालू आहे. दसऱ्याला घेऊ."

मी कपाळाला हात लावला. "तुम्ही? तुम्ही पितृपक्ष पाळणार?"

"जयंतीने या दिवसांत घरात साधी चमचा-वाटी येऊ दिली नाही कधी."

"अहो, पण तिला आता पितृपक्ष ठाऊक तरी आहे का?"

"म्हणूनच," ते म्हणाले. "तिला आता नको म्हणता येत नाही. मग तिच्या वतीने मी नको म्हणायला?"

 तरी मी बोललेच. पुढे डोंगरात बर्फ पडेल, हवा तुमच्यासाठी थांबणार नाही, नवस फेडायचा तर देव जागेवर असताना फेडावा, सगळं ऐकवलं. ऐकतील तर शपथ. मला संताप यायचा आणि जीवही तुटायचा. तिकडे जयंती रोज थोडी थोडी निसटत होती. एक दिवस ती वरणात साखर घालत बसली आणि यांनी ते मुकाट्याने खाल्लं.

दसऱ्याच्या आधीच बर्फ पडला. दसऱ्याच्या दिवशी दारातल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून भाऊजी जयंतीला आणि मला घेऊन निघाले, हातात नारळ आणि ग्रोसरीतून आणलेली पिवळी फुलं. गाडी होती अजून. सेल्समन म्हणाला, पाणी गोठू नये म्हणून नळ्या रिकाम्या करून ठेवल्यात, गाडीला विंटर टायर्स नाहीत, आता निघायचं ते मे महिन्यात. बैल गेला अन् झोपा केला. मे महिन्यापर्यंत जयंतीचं काय उरणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

तरी भाऊजींनी दार उघडलं. मला भीती होती, ती घाबरेल. पण जयंती सरळ वर चढली, पलंगावर बसली, पडद्यावरून हात फिरवला आणि हसली. किती दिवसांनी हसली.

"आवडली?" भाऊजींनी विचारलं.

"छान आहे हो," ती त्यांना म्हणाली, परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने. "आमचे हे आले की आम्ही समुद्रावर जाणार. ते मुहूर्तबिहूर्त मानत नाहीत. कधीच नेलं असतं त्यांनी."

मी तोंड फिरवलं. मला रडू आवरेना. भाऊजींनी किल्ली सेल्समनच्या हातात परत दिली, आत जाऊन जयंतीच्या कोटाची चेन गळ्यापर्यंत लावली आणि म्हणाले, "येतील ते. तोवर आपण घरी बसू या."