अण्णांच्या पेटीतला ‘खट्’

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. शेतकरी पिशवीत माती घेऊन येतात, मी सामू बघतो, क्षार बघतो, कागदावर लिहून देतो. जे मोजता येतं ते आहे, बाकीच्या गप्पा... इतकं साधं माझं म्हणणं होतं. या सदरात येणारे लोकांचे अनुभव मी नेमाने वाचतो आणि मनातल्या मनात एकेकाला नापास करत जातो, हेही कबूल करतो. आता स्वतःच लिहायला बसलोय, तेव्हा तुम्ही मला नापास केलंत तर माझी तक्रार नाही.

मी राहुरीत राहतो, बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर. घरात मी, बायको सुनंदा आणि एकोणीस हेडफोन, विसाव्याचं पुढे सांगतो. सुनंदा आल्यागेल्याला सांगते, कान दोन आणि हेडफोन एकोणीस, हिशोब तुम्हीच लावा. लोकांना वाटतं हे शौकाचं काम आहे. शौक वगैरे काही नाही. या सगळ्याच्या मुळाशी माझ्या वडिलांचं चौदा मिनिटांचं एक रेकॉर्डिंग आहे.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. प्राथमिक शाळेत गुरुजी होते आणि पेटी फार सुंदर वाजवायचे. आई गेली तेव्हा मी चाकणला कंपनीत होतो. तिच्या वर्षश्राद्धाला मी आलो नाही. रजा मिळाली नाही असं मी सगळ्यांना सांगितलं... खरं म्हणजे मी मागितलीच नव्हती. कंटाळा केला, दुसरं काय. अण्णा शेजाऱ्यांच्या फोनवरून एवढंच म्हणाले, “नंदू, आता माझ्यासाठीही येऊ नकोस.” मीही त्यांचाच मुलगा, मीही अडून बसलो. पुढे काही महिन्यांनी ते आजारी पडले, तीन महिने अंथरुणावर होते, आणि तेवढ्यात मी एकदाही आलो नाही.

त्यांचं सगळं सतीशने केलं. सतीश म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतला, माझा पहिलीपासूनचा मित्र आणि अण्णांचा विद्यार्थी. मंडप आणि साउंड सिस्टिमचा त्याचा धंदा आहे. मी दर आठवड्याला त्याला फोन करायचो. अण्णांनी मोबाईल कधी हातात धरला नाही, त्यामुळे सतीश हाच आमच्यातला दुवा होता. मी विचारायचो, अण्णा माझ्याबद्दल काही म्हणाले का? तो म्हणायचा, न्हाई रे, शांत पडून असत्यात. मग मी फोन ठेवायचो आणि मनात म्हणायचो, राहिलं.

ते गेल्याचा फोनही सतीशनेच केला. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती. तेराव्यानंतर सतीशने माझ्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवला. शेवटच्या दिवसांत अण्णांना जरा बरं वाटलं की ते उशीला टेकून पेटी ओढायचे, ते त्याने आपल्या रेकॉर्डरवर एकदा घेऊन ठेवलं होतं. मी त्याच्या गळ्यात पडून रडलो. एवढं करणारा मित्र कुणाला मिळतो, असं मी त्यानंतर अकरा वर्षं लोकांना सांगत आलो.

पुढे मी नोकरी बदलून राहुरीला परत आलो. पहिला हेडफोन घेतला तो त्या रेकॉर्डिंगसाठी. साध्या स्पीकरवर नुसती पेटी ऐकू यायची. हेडफोनवर अण्णांचा श्वास ऐकू आला. त्याहून चांगला घेतला तर भात्याची कुरकुर कळली, त्याच्या पुढच्यावर बोटातली अंगठी पेटीच्या लाकडाला लागते ते कळलं. मग काय, दर वेळी वाटायचं, अजून एक घेऊ, अजून थोडे अण्णा निघतील. अशाने एकोणीस झाले.

त्या रेकॉर्डिंगमध्ये माझी सगळ्यात आवडती जागा होती नवव्या मिनिटाला. तिथे अण्णा क्षणभर थांबतात, बारीकसा ‘खट्’ असा आवाज येतो, आणि पेटी पुन्हा सुरू होते. आमच्या पेटीची काळी चार ही पट्टी जुनी खोडकर. दाबली की खालीच चिकटून बसायची. लहानपणी मी फळी उघडून पट्टीच्या फटीत पोस्टकार्ड फिरवायचो आणि ती सोडवायचो, ते माझंच काम होतं. त्यामुळे मी धरून चाललो होतो की ‘खट्’ म्हणजे अण्णांनी चिकटलेली काळी चार बोटाने उचलली त्याचा आवाज. हेडफोनची परीक्षा मी त्याच आवाजावर घ्यायचो. ज्याच्यात ‘खट्’ साफ, तो चांगला.

ही परीक्षा रविवारी सकाळी, पोहे-चहा झाल्यावर, माझ्या घरी व्हायची आणि घ्यायचा सतीश. आमची पद्धत ठरलेली होती. मी भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसायचं, डोळ्यांवर टॉवेल बांधायचा, हात गुडघ्यांवर. कुठला हेडफोन ते स्पर्शाने ओळखू येऊ नये म्हणून सगळ्यांच्या कानांच्या गाद्यांवर जुन्या बनियनच्या कापडाची खोळ. सतीश मागे उभा राहून एकेक हेडफोन माझ्या डोक्यावर चढवायचा, रेकॉर्डिंगची आठ ते अकरा एवढी मिनिटं वाजवायचा आणि मी सांगेन ते मार्क वहीत लिहायचा. शेवटी टॉवेल काढला की त्याने सांगायचं कुठला कितवा होता. अशा तीन वह्या भरल्या आहेत. अक्षर सगळं त्याचं.

मागच्या हिवाळ्यात एका कामासाठी श्रीगोंद्याला गेलो होतो. तिथे रेडिओ दुरुस्तीचं एक जुनं दुकान कायमचं बंद होत होतं. मालक सामान आवरत होते, त्यात हा विसावा हेडफोन मिळाला. काळा, चांगलाच जड, पीळ असलेली वायर, कुठे नाव नाही की गाव नाही. गाद्यांचा पार भुगा झाला होता. मी घरी आणून साफ केला, नव्या गाद्या बसवल्या, वायरचं टोक बदललं. वाजवून मात्र बघितला नाही. परीक्षेआधी ऐकायचं नाही हा आमचा नियम होता.

रविवारी दहाच्या सुमारास बसलो. कारखान्याचा सीझन होता, उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जात होते, म्हणून खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. सुनंदा भाजी आणायला गेली होती. तीन हेडफोन झाले, नेहमीसारखे मार्क दिले. चौथा डोक्यावर आला तेव्हा वजनावरूनच कळलं की हा नवा. आवाज सुरू झाला... ठीकच होता, थोडा दबलेला. मनात म्हटलं, सहा मार्क.

नवव्या मिनिटाला अण्णा थांबले. मी ‘खट्’ची वाट बघत होतो. ‘खट्’ आलाच नाही. भात्यातली हवा हळूच निघून गेल्याचा आवाज आला, खाट करकरली, आणि मग अण्णा बोलले. शेजारी बसून बोलावं तसे.

“सतीश, नंदूला बोलावून घे. मी रागात बोललो म्हणावं. ही काळी चार परत चिकटायला लागलीय, ती त्यालाच सुटते. ये म्हणावं.”

आणि त्यावर तरुण सतीशचा आवाज, “सांगतो, गुरुजी.”

मग पेटी पुन्हा सुरू झाली, जिथून व्हायची तिथूनच. मला आधी वाटलं, मागे उभा असलेला सतीशच काही बोलला. टॉवेल तसाच ठेवून मी विचारलं, तू काही म्हणालास का? तो म्हणाला, न्हाई, मी कशाला बोलू, मार्क सांग.

मी टॉवेल काढला. तीच जागा पुन्हा लावली. त्याच हेडफोनवर. ‘खट्’, आणि पेटी पुढे चालू. पुन्हा लावली, पुन्हा ‘खट्’. दुसरा हेडफोन घेतला, तिसरा घेतला, तेच. मी सतीशला म्हणालो, अरे, मध्ये अण्णांचं बोलणं आलं. त्याने विसावा हेडफोन कानाला लावून बघितला आणि नेहमीचंच हाय म्हणाला. पण ते काय बोलले, हे त्याने विचारलं नाही. वीस-बावीस वर्षं ज्यांना गुरुजी म्हटलं त्यांचं बोलणं ऐकू आलं असं मी सांगतोय, आणि हा माणूस काय बोलले ते विचारत नाही. तिथे माझं डोकं सटकलं.

लॅपटॉपवर मी ती फाईल उघडली आणि नवव्या मिनिटाची जागा मोठी करून बघितली. अकरा वर्षांत हे कधी सुचलं नव्हतं, कारण मला कान होते ना, फार मोठे! खोलीतल्या पंख्याची घरघर सगळ्या रेकॉर्डिंगभर आहे. त्या जागी ती सुरीने कापावी तशी तुटत होती आणि लगेच वेगळ्याच ठिकाणाहून सुरू होत होती. मधला तुकडा काढून दोन टोकं जोडली होती. ‘खट्’ हा त्या जोडाचा आवाज होता. ज्याला मी अण्णांचं बोट समजत होतो, ज्याच्यावर तीन वह्या मार्क दिले, ती सतीशची कात्री होती. आणि ते मार्क तो स्वतःच्या हाताने लिहून घेत होता... रविवारमागून रविवार, माझे पोहे खात.

मी विचारलं, हे कुणी कापलं? तो हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत म्हणाला, गुरुजी खोकत हुते, खोकला काढला. मग मी जे ऐकलं होतं ते शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. काळी चारसकट. शेवटचं त्याचं “सांगतो, गुरुजी” सुद्धा.

तो खालीच बसला. म्हणाला, “ते मी काढून टाकलं हुतं. मूळ फाईल बी त्याच दिवशी पुसली. तुला कुठनं ऐकू आलं?”

मी म्हणालो, ते राहू दे, का केलंस ते सांग.

“तीन महिने मी करत हुतो त्यांचं. आंघोळ, औषध, दवाखाना, समदं. वाटायचं एक दिवस तरी म्हनतील, सतीश, तू हायस म्हनून बरं हाय. न्हाई म्हनले. नंदू, नंदू, नंदू. तू आला असतास तर मी परत मंडपवाला झालो असतो. उद्या सांगू म्हनलं, परवा सांगू म्हनलं... मग सांगायसारखं काय राहिलंच न्हाई.”

रेकॉर्डिंगमधलं ते बोलणं झालं त्यानंतर अण्णा किती दिवस होते, असं मी विचारलं. सोळा, म्हणाला. चाकणहून इथे यायला एसटीला चार-पाच तास लागतात.

“आणि अण्णांना काय सांगितलंस?”

“रजा मिळाली की येतो म्हनलाय, असं सांगितलं.”

म्हणजे अण्णा सोळा दिवस माझी वाट बघत होते. मी चाकणला बसून त्यांच्यावर रागावलो होतो, आणि ते इथे दाराकडे बघत होते. मी ओरडलो नाही, हात उचलला नाही. फक्त जा म्हणालो. केसाने गळा कापला त्याने माझा, आणि वर अकरा वर्षं माझ्याकडून उपकारही मानून घेतले. न बोलावताही मला जाता आलं असतं, हे मला कळत नाही असं नाही. ते माझं मला निस्तरायचं आहे. त्याने जे केलं ते त्यामुळे कमी होत नाही.

तो गेल्यावर मी माळ्यावरून अण्णांची पेटी काढली. काळी चार दाबली, ती खालीच राहिली. पोस्टकार्ड आता कुठे मिळतात, सुनंदाने लग्नाच्या पत्रिकेचा एक तुकडा कापून दिला, त्याने सोडवली. सुटली. त्या वेळी मात्र मला रडू आवरेना.

आता राहिला प्रश्न तो हेडफोनचा. माझ्या डोक्यात आधीच काहीतरी असेल आणि तेच मला ऐकू आलं असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं असतं. पण ते शब्द मला ठाऊक असायचं कारणच नव्हतं, आणि सतीशने ते जसेच्या तसे कबूल केले. फाईलमध्ये तो तुकडा नाही, हे मी दहादा तपासलं. हेडफोन उघडून बघितला, आत दोन पडदे, दोन चुंबकं, तार, बाकी काही नाही. नंतर रोज तो लावून ऐकलं, टॉवेल बांधून, खिडक्या लावून, त्याच खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. दर वेळी ‘खट्’. सुनंदाला मागे उभं करून बघितलं, तरी ‘खट्’. माझ्याकडे याचं कसलंही स्पष्टीकरण नाही, आणि पुढे मिळेल असंही वाटत नाही.

एकच गोष्ट करून बघायची राहिली आहे. त्या दिवशी तो हेडफोन माझ्या डोक्यावर सतीशने चढवला होता आणि तो माझ्या मागे उभा होता. अण्णांनी हाक मारली ती खरं म्हणजे त्यालाच. तो पुन्हा मागे उभा राहिला तर कदाचित अण्णा पुन्हा बोलतील. मागच्याच गल्लीत राहतो, हाक मारली तर ऐकू जाईल. रविवारी दहा वाजले की मी दारापर्यंत जातो. त्याला ये म्हणायचं, एवढंच आहे... ते माझ्याच्याने होत नाही.